सातवा भाग आधीं हातीं आला तर

पुस्तकें घरांत येतात तीं क्रमानें येत नाहींत. वाचनालयांतून पहिला भाग कोणीतरी नेलेला असतो, आणि दुसऱ्याचीं शेवटचीं पानें गळालेलीं असतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानीं ढिगाच्या वर जें येतें तें घ्यावें लागतें. वाढदिवसाला एखादा आप्त मोठ्या हौसेनें जाडजूड इंग्रजी कादंबरी आणून देतो; ती एका लांबलचक मालिकेचा सातवा भाग आहे, हें त्या बिचाऱ्यास ठाऊकहि नसतें. मग घरांत वाद सुरू होतो. वडील माणसें म्हणतात, पहिला भाग मिळेपर्यंत हें पुस्तक बाजूस ठेवावें, अर्धवट वाचनानें डोक्यांत घोटाळा होतो. आणि ज्या मुलीसाठीं पुस्तक आलें ती तोंवर चौथ्या प्रकरणांत शिरलेली असते. ह्या वादांत खरें कोणाचें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो नुसता हवेंत राहूं नये म्हणून एकच मालिका समोर ठेवून त्याचा विचार करणें बरें.

ही मालिका म्हणजे जिम बुचर ह्या अमेरिकन लेखकाची 'द ड्रेस्डन फाइल्स'. २००० सालीं तिचा पहिला भाग निघाला. २०२० अखेर सतरा कादंबऱ्या झाल्या, आणि तेवढ्यानेंहि ती संपली नाहीं. शिकागो शहर, आजचा काळ, त्या शहराच्या गल्लीबोळांतून वावरणारे वेताळ, रक्त पिणारे दैत्य, लांडग्याचें रूप घेणारीं माणसें, आणि ह्या सर्वांचा समाचार घेणारा एक मांत्रिक, असा तिचा एकंदर मामला आहे. अशा कथांना 'अर्बन फँटसी' म्हणतात. आपण त्यांस नागरी अद्भुतकथा म्हणूं शकूं. राक्षस म्हटला कीं तो अरण्यांत, गुहेंत किंवा समुद्रापलीकडील बेटावर असावयाचा, ही समजूत ह्या कथांनीं मोडली असें कौतुकानें सांगण्यांत येतें. मराठी श्रोत्यांस त्यांत फारसें नवल वाटण्याचें कारण नाहीं. एकचक्रा नगरीचा बकासुर नगराच्या जवळच राहत होता, आणि नगरवासी त्यास गाडाभर अन्न, दोन रेडे व एक माणूस असा ठरलेला कर पाळीपाळीनें भरीत होते. नव्या कथांतलें नवल एवढेंच कीं, कर भरणाऱ्या नगरवासीयांस आपण तो भरतों आहों, ह्याची दाद नसते.

ह्या प्रकाराचा आरंभ बुचर ह्यांनीं केला असें नाहीं. लॉरेल के. हॅमिल्टन ह्यांची 'गिल्टी प्लेझर्स' ही सेंट लुइस शहरांत घडणारी कादंबरी १९९३ ची आहे. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या हातीं दैत्यसंहाराचें काम सोंपविणारी दूरचित्रवाणीवरील मालिका १९९७ पासून २००३ पर्यंत चालली. पण मध्येंच सुरुवात करावी कीं नाहीं, हा प्रश्न जितका ड्रेस्डनच्या बाबतींत अडवून धरतो तितका इतरत्र क्वचितच अडवितो. ह्याचें कारण तिच्या जन्मकथेंत सांपडतें.

बुचर ह्यांचा जन्म १९७१ सालीं मिसूरी संस्थानांतील इंडिपेंडन्स ह्या गांवीं झाला. लहानपणीं घशाच्या दुखण्यानें अंथरुणावर पडले असतां बहिणींनीं वेळ जावा म्हणून अद्भुतकथांचीं पुस्तकें हातीं दिलीं, आणि तेथून गोडी लागली. पुढें ओक्लाहोमा विद्यापीठांत डेबोरा चेस्टर ह्या लेखिकेच्या वर्गांत ते कादंबरीलेखन शिकूं लागले. बाई सांगत त्या आंखणीच्या आणि टिपणांच्या रीती शिष्यास यांत्रिक वाटत, आणि पुष्कळ दिवस त्यांनीं त्या मानल्या नाहींत. शेवटीं १९९६ च्या सुमारास, बाईंच्या सांगण्याप्रमाणें सगळें केलें म्हणजे पुस्तक किती सांचेबंद होतें तें त्यांना एकदांचें दाखवून द्यावें, ह्या ईर्ष्येनें त्यांनीं एक कादंबरी नियमाबरहुकूम लिहून काढली. तीच ह्या मालिकेचें पहिलें पुस्तक, 'स्टॉर्म फ्रंट'. शिक्षकवर्गास ही हकीकत ऐकून जो आनंद होईल तो त्यांनीं मनांतल्या मनांत ठेवावा. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्या प्रारंभींच्या काळांतच सुमारें वीस पुस्तकें आणि त्यांवर समारोपाचीं तीन, असा दूरवरचा आराखडा लेखकाच्या मनांत तयार झाला होता. एक पुस्तक खपलें म्हणून दुसरें लिहिलें, असा हा प्रकार नव्हे. येथें पायापासून कळसापर्यंतचा नकाशा आधीं, आणि मग बांधकाम. अशा इमारतींत तिसऱ्या मजल्याच्या खिडकींतून शिरणाऱ्यानें जिन्याचा विचार करावाच लागतो.

नायकाचें नांव हॅरी ब्लॅकस्टोन कॉपरफील्ड ड्रेस्डन. बाप रंगमंचावर हातचलाखीचे खेळ करणारा. त्यानें नामांकित जादूगारांचीं नांवें मुलास दिलीं, आणि मुलगा खराखुरा मांत्रिक निघाला. शिकागोच्या टेलिफोनच्या पुस्तकांत 'मांत्रिक' ह्या सदराखालीं ह्या एकट्याचेंच नांव आहे. तळघरांत बिऱ्हाड, घरांत एक आडदांड बोका, फळीवर एक कवटी व तींत राहणारा बॉब नांवाचा बोलका आत्मा. बाहेर ठिगळें लावलेली जुनी फोक्सवॅगन बीटल गाडी, कारण मांत्रिकाच्या सान्निध्यांत नवीं यंत्रें टिकत नाहींत. भाडें नेहमीं थकलेलें. पोलीस खात्यांतील कॅरिन मर्फी ही चणीनें लहान पण मोठी करारी अधिकारी त्यास चमत्कारिक खुनांच्या वेळीं सल्ल्यासाठीं बोलावून घेते. हें सारें वर्णन बहुतेक प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कांहीं प्रकरणांत पुनः येतें. जो वाचक पहिल्यापासून बरोबर चालत आला आहे त्यास गाडीचीं ठिगळें पांचव्यांदा मोजण्याचा कंटाळा येतो, आणि तो हीं पानें उलटून टाकतो. परंतु हीं पानें त्याच्यासाठीं लिहिलेलींच नसतात. नव्यानें दारांत आलेल्या पाहुण्यासाठीं ओटीवर ठेवलेला तो दिवा आहे. घरच्या माणसांस त्याची गरज नसते, म्हणून कोणी तो विझवीत नाहीं.

आतां एक शंका येईल कीं, गुप्तहेरांच्या गोष्टी तर आपण वाटेल त्या क्रमानें वाचतों. शेरलॉक होम्स १८९३ सालीं दरींत पडून नाहींसा झाला आणि दहा वर्षांनीं मासिकांतून परत आला. तरी त्याच्या गोष्टी उलटसुलट वाचून कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. बाबूराव अर्नाळकर ह्यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार किंवा काळापहाड ह्यांच्या कथा वाचनालयांतून नेणाऱ्या मराठी वाचकानें क्रमांक पाहून पुस्तक निवडलें असेल हें संभवत नाहीं. तें ठीकच होतें. ते नायक स्थिर होते. गोष्ट संपली कीं नायक होता तसा पुनः खुर्चींत येऊन बसे, त्याच्या अंगावर मागच्या गोष्टीचा ओरखडा राहत नसे. ड्रेस्डनच्या अंगावर तो राहतो. सहाव्या पुस्तकांत त्याचा डावा हात भाजून निकामी होतो. सातवें पुस्तक सुमारें वर्षभरानें सुरू होतें तेव्हां त्या हातावर मोजा असतो, आणि बोटें पुरतीं मिटत नाहींत. होम्सचा हात असा भाजला असता तर पुढच्या महिन्याच्या अंकांत तो सारंगी वाजवीत बसला असता!

म्हणून प्रश्न असा ठरतो: जेथें नायकाचें शरीर, त्याचीं मित्रमंडळी आणि त्याचीं कर्जें पुस्तकामागून पुस्तक साठत जातात, तेथें मध्येंच शिरणाऱ्यास काय मिळतें आणि काय मिळत नाहीं?

जें मिळतें तें प्रथम पाहणें न्यायाचें होईल, कारण वडील माणसांचा कल त्याकडे दुर्लक्ष करण्याकडे असतो. पहिलीं दोन पुस्तकें ह्या मालिकेंतलीं सर्वांत कच्चीं आहेत. लेखक पंचविशीचा, हात अजून बसलेला नाहीं. स्त्रियांविषयींचें नायकाचें बोलणें कित्येक ठिकाणीं पोरकट वाटतें. 'फूल मून' ह्या दुसऱ्या पुस्तकांत मनुष्यलांडग्यांच्या चार जाती वर्णिल्या आहेत; त्या वाचतांना कथा थांबून प्राणिशास्त्राचा तास सुरू झाल्यासारखें होतें. 'आधीं पहिलें, मग दुसरें' असा ज्याच्यामागें आग्रह धरला जातो, तो वाचक दुसऱ्यावरच पुस्तक खालीं ठेवतो आणि तिसऱ्याची गोडी त्यास कधींच कळत नाहीं. क्रम राखला, वाचक गेला. शाळेच्या क्रमिक पुस्तकांनीं अशीं किती मुलें कवितेला मुकविलीं असतील!

आणि तिसऱ्या पुस्तकाची तर निराळीच गंमत आहे. 'ग्रेव्ह पेरिल' हें २००१ चें पुस्तक उघडतांच ड्रेस्डन आणि त्याचा मित्र मायकेल भरधाव गाडींतून रात्रीं एका इस्पितळाकडे निघालेले दिसतात. तेथें तान्ह्या मुलांच्या दालनांत एक भूत शिरलें आहे. दोघांचें बोलणें जुन्या मित्रांचें. कोणा एका दुष्ट मांत्रिकास दोघांनीं मागें मिळून पकडलें, त्याचा पुनःपुन्हां उल्लेख येतो. पहिलीं दोन्ही पुस्तकें इमानेंइतबारें वाचून आलेला वाचक चमकतो. हा मायकेल कोण? तो मांत्रिक केव्हां पकडला? मध्यें एखादें पुस्तक आपल्या नजरेतून सुटलें कीं काय? पुस्तक कोणतेंहि सुटलेलें नसतें. मायकेल मालिकेंत प्रथम येतो तो येथेंच, आणि त्या मांत्रिकाची मोहीम कोणत्याहि कादंबरींत सांगितलेलीच नाहीं. क्रमाचा कटाक्ष पाळणाऱ्या वाचकासहि लेखकानें स्वतःच मध्यें आणून सोडलें आहे. 'पहिल्यापासून वाचलें म्हणजे कांहीं सुटत नाहीं' असें म्हणणाऱ्या वडील माणसांनीं हें तिसरें पुस्तक अवश्य पाहावें.

ह्याच पुस्तकापासून मालिकेची मोठी कथा खऱ्या अर्थानें सुरू होते. रक्तपिपासु दैत्यांच्या एका कुळाच्या घरीं ड्रेस्डन जें करतो त्यांतून मांत्रिकांची सभा आणि तें कुळ ह्यांच्यांत युद्ध पेटतें, आणि तें युद्ध पुढें कित्येक पुस्तकें धुमसत राहतें. त्यामुळें तिसरें पुस्तक हें चांगलें दार आहे. चौथें, 'समर नाइट', हें त्याहून सोपें, कारण त्यांत युद्धाची मागची हकीकत ओघानें येते आणि वर एक नीटस खुनाचा तपासहि आहे.

परंतु पुष्कळ वाचकांच्या अनुभवास आलेलें सर्वांत प्रशस्त दार सातवें आहे. 'डेड बीट' २००५ सालीं निघालें. आधींचीं सहा पुस्तकें स्वस्त कागदी बांधणींत निघालीं होतीं. पक्क्या पुठ्ठ्याच्या बांधणींत प्रथमच निघालेलें हें पहिलें. अशा पुस्तकाच्या वांट्यास पुष्कळसा नवा वाचक येतो, आणि पुस्तकाची रचना त्या पाहुण्याकडे पाहून केल्यासारखी दिसते. मृतांस उठविणाऱ्या विद्येचे कांहीं उपासक ऑक्टोबरअखेरच्या भुतांच्या रात्रीं शिकागोंत जमतात. एक दैत्यीण मर्फीला गुंतवूं शकतील अशीं छायाचित्रें दाखवून ड्रेस्डनला धमकावते, आणि एक विशिष्ट ग्रंथ आणून देण्यास सांगते. मर्फी स्वतः त्या वेळीं सुटी घेऊन हवाई बेटांवर गेलेली. तिला ह्यांतलें कांहीं ठाऊक नाहीं. मर्फीसाठीं हा मनुष्य एवढा जीव कां टाकतो, हें नव्या वाचकास माहीत नसतें. तरी एखादा आपल्या मैत्रिणीसाठीं, ती समोर नसतांना, तिला न सांगतां, मरणाच्या दारीं जातो आहे, एवढें कळण्यास मागचीं सहा पुस्तकें लागत नाहींत. बकासुराच्या गोष्टींतहि असेंच आहे. कीर्तनांत ती प्रथमच ऐकणाऱ्या मुलास लाक्षागृह ठाऊक नसलें तरी भीम गाडा घेऊन निघाला कीं त्याचे डोळे मोठे होतात.

ह्या पुस्तकाच्या अखेरीचा प्रसंग येथें सांगितला जाणार नाहीं. कथेचा शेवट आगाऊ सांगणारे शेजारी प्रत्येक आळींत असतात. नभोवाणीनें त्यांत भर घालूं नये. फक्त तीन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवतां येतील. ह्या कथेंतल्या विद्येप्रमाणें प्रेत जितकें पुरातन, तितकें त्याच्या ठिकाणीं बळ अधिक. मांत्रिकांच्या कायद्यानें प्रेत उठविणें निषिद्ध आहे, पण तो कायदा माणसांच्या प्रेतांपुरता आहे. आणि शिकागोच्या फील्ड म्यूझियममध्यें 'सू' नांवाचा टायरॅनोसॉरस जातीचा सांगाडा आहे. दक्षिण डाकोटांत १९९० सालीं तो सांपडला, १९९७ सालीं त्या संस्थेनें त्र्याऐंशी लक्ष डॉलरांहून अधिक किंमत देऊन तो लिलांवांत घेतला, आणि २००० सालापासून तो लोकांस पाहण्यास ठेवला. लांबी सुमारें ४० फूट. पुढचें चतुर श्रोत्यांनीं ताडावें.

आतां जें मिळत नाहीं त्याकडे वळावें. येथें मात्र वडील माणसांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें त्यांना वाटतें त्याहून निराळ्या ठिकाणीं आहे. माहिती सुटते म्हणून त्यांना भय वाटतें. पण माहिती लेखक पुनः पुरवितोच. सुटतें तें दुसरेंच कांहीं.

ग्रीकांची एक जुनी कथा आहे. डॅमॉक्लीस नांवाच्या एका खुशमस्कऱ्यास राजानें आपल्या आसनावर बसविलें, आणि त्याच्या मस्तकावर घोड्याच्या एका केसानें तलवार टांगून ठेविली. बुचर ह्यांच्या मांत्रिकसभेंत ह्याच नांवाची शिक्षा आहे. मंत्रानें मनुष्यवध करणाऱ्यास देहान्त, हा तेथला पहिला नियम. ड्रेस्डननें सोळाव्या वर्षीं आपल्या गुरूस मंत्रानें मारलें. गुरु त्याच्यावर उठला होता म्हणून शिरच्छेद टळला, पण पुनः एक चूक झाली तर चौकशीवांचून मान उडेल, अशी शिक्षा कायम राहिली. 'स्टॉर्म फ्रंट' ह्या पहिल्या पुस्तकांत सभेचा रक्षक मॉर्गन खरीखुरी तलवार घेऊन सावलीसारखा त्याच्या मागें असतो. शहरांत मंत्रानें खून पडूं लागतात, आणि मॉर्गनला ड्रेस्डनचाच संशय येतो. पुस्तक कच्चें खरें. पण अडीच-तीनशें पानें ती तलवार वाचकाच्याहि मानेवर राहते. आपण निर्दोष आहों हें ठाऊक असून तें पटवून देतां येत नाहीं, अशा मनुष्याची ती धडपड आहे.

पुढें ती शिक्षा उतरते. आणि आठव्या पुस्तकांत, २००६ च्या 'प्रूव्हन गिल्टी'मध्यें, ती परत येते. येथें थोडें फोडावें लागत आहे, त्यास इलाज नाहीं. तिसऱ्या पुस्तकांतला तो मायकेल धंद्यानें सुतारकाम व घरबांधणी करणारा, देवभोळा, सात मुलांचा बाप. धाकट्याचा जन्म तिसऱ्या पुस्तकांतला, आणि त्याचें नांवहि ड्रेस्डनवरून हॅरी ठेवलेलें. मॉली ही थोरली. पांचव्या पुस्तकांत ती घरांतली एक चुणचुणीत, थोडी हट्टी पोर म्हणून दिसते. आठव्यांत ती सतरा वर्षांची आहे. तिच्या अंगीं मंत्रशक्ति उपजली आहे, तिला शिकविणारा कोणी नाहीं, आणि तिनें आपल्या दोन मित्रांचें मादक द्रव्यांचें व्यसन सुटावें म्हणून त्यांच्या मनांत मंत्रानें भय घातलें आहे. दुसऱ्याच्या मनावर मंत्र चालविणें हाहि देहान्ताचाच गुन्हा. हेतु चांगला होता. कृत्य घडलें होतें. सभा बसते, आणि खड्गधारी उभा असतो. त्या वेळीं ड्रेस्डन तिच्यासाठीं जामीन राहतो. तो जामीन पैशाचा नाहीं. तिच्या हातून पुनः चूक झाली तर तिच्याबरोबर आपलीहि मान जाईल, हें तो मान्य करतो.

सातव्यापासून वाचूं लागलेल्या मुलीला आठव्यांत हा प्रसंग कळतो, अगदीं स्पष्ट कळतो. ड्रेस्डनवर कोणे एके काळीं अशी शिक्षा होती, हें लेखक चार ओळींत सांगतो. पण चार ओळींत सांगितलेली तलवार ही बातमी आहे. जिनें पहिलें पुस्तक वाचलें तिला ती तलवार किती जड आहे हें ठाऊक असतें; ती मॉर्गनच्या पावलांचा आवाज ऐकून आलेली असते. हा मनुष्य ज्या आसनावरून मोठ्या मुष्किलीनें उठला त्याच आसनावर दुसऱ्याच्या मुलीसाठीं आपण होऊन पुनः जाऊन बसतो आहे, हें तिला कोणी सांगावें लागत नाहीं. एकचक्रेंतहि कुंती भीमास पाठवूं लागली तेव्हां युधिष्ठिर रागावला. कीर्तनांत नवा आलेला मुलगा त्यास भित्रा म्हणेल. जो लाक्षागृहाच्या आगींतून पांडवांबरोबर निघाला आहे त्यास कळतें कीं, भीम हा त्या घरचा एकुलता एक आधार आहे, आणि नांव फुटलें तर सर्वांचाच घात आहे. बकासुर तोच, भीम तोच. ऐकणाऱ्याच्या पदरीं पडतें तें निराळें.

तेव्हां मध्येंच शिरावें, पण फार उशिरां शिरूं नये. कांहीं पुस्तकें दारें नव्हेत, भिंती आहेत. २०१० चें बारावें, 'चेंजेस', हें मागच्या अकरांतील देणीं-घेणीं एकदम वसूल करतें. ज्यानें तीं देणीं होतांना पाहिलीं नाहींत त्याच्या दृष्टीनें ती नुसती मारामारी होईल. तेरावें त्याच्याच धक्क्यांतून निघालेलें. सोळावें व सतरावें, 'पीस टॉक्स' आणि 'बॅटल ग्राउंड', हीं मुळांत एकच पुस्तक होतें. फार मोठें झालें म्हणून दोन केलीं आणि २०२० च्या एकाच वर्षांत काढलीं. सतरावें म्हणजे जवळजवळ आरंभापासून अखेरपर्यंत शिकागोवर कोसळलेल्या एका रात्रीचें युद्ध. त्यांत कोण पडतें हें येथें सांगावयाचें नाहीं. पण जें पडतें त्यास पंधरा-सोळा पुस्तकें ओळखल्यावांचून डोळ्यांस पाणी येणार नाहीं, आणि तें पाणी न येतां तें पुस्तक वाचणें म्हणजे परक्याच्या घरच्या सुतकांत भुकेल्या पोटीं बसण्यासारखें आहे.

पंधरावें पुस्तक २०१४ चें आणि सोळावें २०२० चें. सहा वर्षांचें अंतर पडलें. पहिल्यापासून वाचीत आलेल्या निष्ठावंतांपैकींहि पुष्कळांना कोण कोणाचा वैरी हें त्या अवधींत आठवेनासें झालें असेल. अशा वेळीं तेहि मध्येंच सुरुवात करणारेच ठरतात, आणि त्यांनाहि गाडीचीं तीं ठिगळें पुनः मोजावीं लागतात. ज्यांना वाचण्याची उसंत नाहीं त्यांच्यासाठीं हीं पुस्तकें जेम्स मार्स्टर्स ह्या नटाच्या आवाजांत ध्वनिमुद्रित झालीं आहेत. 'बफी'मध्यें स्पाइक नांवाच्या रक्तपिपासूची भूमिका करणारा नट तो हाच. कवटींतल्या बॉबला त्यानें दिलेला आवाज तर ऐकण्यासारखा आहे. २००७ सालीं दूरचित्रवाणीवरहि ह्या कथांवरून एक मालिका झाली. ती बाराच भाग चालली, आणि तिनें मूळ कथेंत इतके फेरफार केले कीं, पुस्तकाऐवजीं ती पाहून चालेल असें कोणीं समजूं नये.

राहतां राहिला वाढदिवसाचा तो सातवा भाग. तो मुलीच्या हातून काढून घेऊं नये. भाजलेला हात, घरांत येऊन राहिलेला तो देखणा तरुण, वासरासारखा वाढलेला कुत्रा, ह्यांविषयीं तिनें कांहीं विचारलें तर माहीत असलें तरी सांगूं नये. 'पुढें वाच' एवढेंच म्हणावें. सातवें संपल्यावर मात्र आठव्याच्या शोधार्थ लगेच निघूं नये. दुकानदाराकडे पहिलें मागावें, आणि तें येईपर्यंत तिसरें-चौथें मिळालें तर तेंहि आणावें. दुसरें राहिलें तरी फारसें बिघडत नाहीं. पहिलें पुस्तक आतां तिला कच्चें वाटेल; कच्च्या हाताचें कौतुक वाटण्याइतकी ओळख तोंवर झालेली असते, म्हणून तें ती सोडणार नाहीं. त्यांत मॉर्गन भेटेल, त्याची तलवार भेटेल. मर्फी तेथें ड्रेस्डनवर अजून पुरता विश्वास टाकीत नाहीं, मॉलीचा पत्ता नाहीं, मायकेलचें नांवहि नाहीं. आणि ड्रेस्डनचा डावा हात अद्याप धड आहे.